पाव आटा

श्रावणाचा शेवटचा आठवडा आमच्या धंद्यात सगळ्यात घाईचा. गणपती तोंडावर आलेले असतात आणि पावसाने वाद्यांची दशा करून टाकलेली असते. ट्रम्पेटचे पिस्टन अडकतात, ढोलांची पानं सैल पडतात, आणि लाकडी क्लॅरिनेटचे जोड फुगून एकमेकांत असे रुततात की सोडवायला दोन माणसं लागतात. बावीस वर्षं पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवल्यावर मी पुण्यात, पेठेतल्या एका बोळात, दुरुस्तीचं दुकान टाकलं. एक खोली, एक खिडकी, एक बाकडं आणि कोपऱ्यात पेटी, म्हणजे हार्मोनियम. संध्याकाळी तीन-चार मुलं शिकायलाही येतात.

त्या दिवशी दुपारी फलटणकडच्या एका बँडचे मालक आले. सोबत सात क्लॅरिनेट आणि पंधरा-सोळा वर्षांचा भाचा. सहा वाद्यं त्यांनी बाकड्यावर ओळीने मांडली. सातव्याची पेटी भाच्याच्या मांडीवरच राहिली.

"मास्तर, ही सहा करायचीत. ते सातवं ठीक आहे, पोराचंच जमेना. सात महिने झाले. तुम्ही एकदा ऐका आणि सांगा, त्याच्यात आहे का नाही. नसेल तर यंदा त्याला झांजेवर घालतो."

पोराने मान वर केली नाही.

पेटी उघडली तर आत चांगलं लाकडी वाद्य निघालं. आमच्याकडच्या बँडमध्ये बहुतेक क्लॅरिनेट प्लास्टिकची किंवा एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची असतात, आणि उन्हातान्हात, वरातीत, पावसात तीच बरी. हे मात्र आफ्रिकी ब्लॅकवुडचं होतं. टांझानिया आणि मोझांबिककडून येणारं हे झाड आपल्या शिसवीच्याच कुळातलं, फक्त त्याहून काळं आणि इतकं जड की पाण्यात बुडतं. मामांनी ते जुन्या बाजारातून खास या मुलासाठी घेतलं होतं. बँडमधल्या इतर कुणालाही त्यांनी इतकं चांगलं वाद्य दिलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

"जोड बघू," मी म्हटलं.

त्याने वरचा आणि खालचा भाग धरून सरळ घुसवायला सुरुवात केली आणि मी त्याचा हात धरला. दोन भागांच्या मध्ये चाव्यांचा एक छोटा पूल असतो. जोडताना वरच्या भागाच्या कड्या बोटांनी दाबायच्या, म्हणजे पुलाचा वरचा हात उचलला जातो आणि खालचा त्याच्या खाली सरकतो. तसं न करता दामटलं तर पूल वाकतो. सात महिन्यांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बुचाच्या जोडांना खोबरेल लावलेलं होतं, वास येत होता. खोबरेल थंडीत थिजतं, धूळ धरतं आणि बुचाखालचा चिकटा सोडवतं. बुचाला कॉर्क ग्रीसच लावावं, तेही नखभर. यावरून मी बँडवाल्यांशी वर्षानुवर्षं भांडतो आहे आणि भांडत राहणार आहे.

पत्ती पाहिली. (रीडला आम्ही पत्तीच म्हणतो.) तशीच माउथपीसवर बांधून ठेवलेली, टोकाला काळी पडलेली, एका कोपऱ्यात टवका उडालेला. बोरूसारखं दिसणारं एक उंच गवत फ्रान्सच्या दक्षिणेला व्हार भागात पिकवतात, त्याच्या कांडीतून ही पत्ती कापतात. तिचं टोक कागदासारखं पातळ असतं. वाजवून झाल्यावर ती सोडायची, पाणी पुसायचं आणि सपाट पृष्ठभागावर वाळवायची. निदान तीन पत्त्या जवळ ठेवाव्यात आणि आलटून पालटून वापराव्यात. मी त्याला दोन नंबरची नवी पत्ती दिली. शिकणाऱ्याला दोन किंवा अडीच पुष्कळ झाली. जाड पत्ती म्हणजे मोठा वादक, असा एक समज बँडमध्ये आहे आणि त्याने कित्येक पोरांचे ओठ फाटलेत.

"वाजव."

मोकळा स्वर बरा आला. बोटं एकेक करून मिटत तो खाली उतरू लागला, आणि तिसऱ्या बोटानंतर स्वर घोगरा झाला, दमेकऱ्यासारखा. उजव्या हाताची बोटं पडली तेव्हा खालचा स्वर क्षणभर लागला आणि एकदम किंचाळून वर उडाला. वरचं सप्तक तर त्याला गाठताच येईना. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा किंचाळी. मामांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"हेच," ते म्हणाले. "रोज हेच."

मी अशा वेळी वाद्य बाजूला ठेवतो. फक्त माउथपीस आणि त्याखालची बोटभर लांबीची नळी, म्हणजे बॅरल, एवढंच त्याच्या हातात दिलं. खालचा ओठ दातांवर किंचित दुमडायचा, वरचे दात माउथपीसवर सरळ टेकवायचे, हनुवटी सपाट, ओठांचे कोपरे आत, गाल फुगवायचे नाहीत. त्याचे गाल फुगत होते, बँडमध्ये सगळ्यांचेच फुगतात. आरशात बघून दोन-चारदा केल्यावर फुगायचे थांबले. आता फुंक. स्वर लागला. मी पेटीवर काळी तीन दाबली. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचं माउथपीस आणि बॅरल एवढंच नीट फुंकलं तर काळी तीनच्या आसपास स्वर येतो. ओठ ढिले असतील तर तो उतरतो, चावत असेल तर चढतो. पोराचा स्वर पेटीला येऊन मिळाला आणि दहा मोजेपर्यंत हलला नाही.

म्हणजे ओठ ठीक होते, श्वास ठीक होता, पत्ती नवी होती. मग किंचाळी येते कुठून? बोटं नीट झाकत नसतील? बोटांच्या पेरांवर छिद्रांचे गोल वळ उमटले होते, पूर्ण गोल. म्हणजे तीही झाकत होती.

मी माझं वाद्य काढलं. त्याचंच माउथपीस, त्याचीच पत्ती माझ्या वाद्यावर चढवली आणि त्याच्या हातात दिलं.

तो खाली उतरला. तिसरं बोट, चौथं, सहावं, आणि अगदी तळाचा स्वर लागला, भरदार, शांत, काळ्या लाकडातून यावा तसा. तो दचकला. त्याने वाद्य तोंडातून काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोच स्वर लावला, आधीचा खरा होता का ते बघायला. मग अंगठ्याजवळची चावी दाबली आणि वरचं सप्तक सहज उघडलं.

मामा उठून उभे राहिले.

इथे थोडं सांगायला हवं, कारण खरी गोम यातच आहे. बासरीवर तीच बोटं ठेवून फुंक वाढवली की त्याच नावाचा स्वर वरच्या सप्तकात मिळतो. सनईचंही तसंच. क्लॅरिनेटची नळी आतून जवळजवळ सरळ असते आणि फुंकीकडचं टोक पत्तीने बंद झाल्यासारखं वागतं. त्यामुळे इथे सा वरून उडी घेतली तर वरचा सा येत नाही, त्याच्याही पुढचा पंचम येतो, सरळ बारावा स्वर. ही उडी घडवून आणण्यासाठी वरच्या बाजूला एक बारीक भोक आणि डाव्या अंगठ्याची चावी असते. साधारण 1700 च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनरने शालुमो नावाच्या जुन्या फुंकवाद्यावरून क्लॅरिनेट घडवलं असं मानतात, आणि तेव्हापासून या वाद्याचा वरचा मजला त्या एवढ्याशा भोकावर उभा आहे. हा मुलगा गावच्या भजनी मंडळात बासरी वाजवून आलेला. त्याच्या बोटांना आठव्या स्वराची सवय, आणि इथला हिशेब वेगळा. तोही त्याला कुणी उलगडून सांगितला नव्हता.

आता विचार करा, वरच्या भागात कुठे तरी हवा गळत असेल तर ती गळती काय करेल? त्या अंगठ्याच्या भोकाचंच काम करेल, पण न विचारता आणि चुकीच्या जागी. मुलगा खालचा स्वर फुंकतो आणि वाद्य त्याला वर फेकतं. त्याने कितीही रियाज केला तरी ते फेकणारच.

त्याच्या वाद्याचा वरचा भाग मी हातात घेतला. खालचं टोक तळव्याने बंद केलं, छिद्रं बोटांनी झाकली आणि वरून तोंडाने हवा ओढली. हवाबंद वाद्य असं ओढल्यावर काही क्षण धरून राहतं आणि तोंड काढलं की 'टप' असा आवाज होतो. इथे काहीच धरलं गेलं नाही. मग जुन्या कॅसेटच्या फितीची बारीक पट्टी घेतली. ही माझी नेहमीची हत्यारं. एकेका पॅडखाली, म्हणजे चावीच्या छिद्र झाकणाऱ्या गादीखाली, पट्टी सरकवायची, पॅड बंद होऊ द्यायचं आणि हळूच ओढायची. पॅड नीट बसत असेल तर पट्टी अडते. एक अडली, दुसरी अडली. जी-शार्प या स्वराच्या पॅडखाली ती लोण्यातून यावी तशी निघून आली.

पॅड मात्र चांगलं होतं. वरची झिल्ली फाटलेली नव्हती, स्प्रिंगही जोरात होती. मग मी भिंग लावलं. वरच्या बाजूला 'ए'ची चावी असते, डाव्या तर्जनीची. ती दाबली की शेजारची जी-शार्पची चावीही तिच्यासोबत उचलली जावी, म्हणून दोघींच्या मध्ये एक इवलासा स्क्रू ठेवलेला असतो. तीळभर डोकं. तो नेमका इतकाच आत असायला हवा की चावी सोडल्यावर जी-शार्पला त्याचा स्पर्श उरू नये. हा जरा जास्त आवळलेला होता. त्याने जी-शार्पची चावी कायम केसभर उचलून धरली होती. नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही.

मी सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तो पाव आटा सोडला. पट्टी घालून ओढली, अडली. तळवा लावून हवा ओढली, धरली. टप.

"हा स्क्रू कुणी आवळला?" मी सहज विचारलं. माझा राग नव्हता, नुसतं कळावं म्हणून.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीच. आणलं त्या दिवशी. महागाचं वाद्य, म्हटलं काही ढिलं नको राहायला. रात्री बसून सगळे स्क्रू आवळले."

बोळात पाऊस वाजत होता. पोराने मामांकडे पाहिलं नाही, आणि मला वाटतं तो मुद्दामच पाहत नव्हता.

"सात महिने मी त्याला म्हणतोय, तुझ्या ओठातच नाही," मामा म्हणाले.

ते वाक्य ऐकून मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. हेच वाक्य, हेच शब्द, मी एकदा एका मुलाला बोललो होतो. बँडमधून निवृत्त होऊन मला वर्षच झालं होतं, शिकवण्याचा ताठा होता. त्याचीही तीच तक्रार, खालचा स्वर उडतो. दोन महिने मी त्याला ओठ असे धर, तसे धर करून छळलं आणि मग सांगून टाकलं. तो पुन्हा आला नाही. वाद्य त्याचं स्वतःचं होतं, घरून आणलेलं. ते मी एकदाही हातात घेऊन तपासलं नव्हतं. हे मी मामांना सांगितलं. का सांगितलं ते माहीत नाही, पण त्या क्षणी गप्प बसणं मला जमलं नसतं.

"वाजव रे," मी पोराला म्हटलं. "तुझ्याच वाद्यावर."

त्याने या वेळी कड्या दाबून भाग जोडले. मोकळ्या स्वरापासून पायरी पायरीने खाली आला, तळाचा स्वर धरला आणि धरूनच ठेवला. मग मी त्याला ती जागा दाखवली जिथे सगळे नवशिके अडखळतात, जवळजवळ सगळी बोटं उचललेल्या स्वरावरून एकदम सगळी बोटं टाकून वरच्या मजल्यावर जायचं ते ठिकाण. युक्ती अशी की उजव्या हाताची बोटं आधीच खाली ठेवून द्यायची. त्या स्वरांना ती फारशी बाधत नाहीत आणि मग धावपळ निम्म्याने कमी होते. दोनदा अडखळला. तिसऱ्यांदा गेला. किंचाळी नाही.

मामा रडले नाहीत किंवा काही बोलले नाहीत. ते बाकड्यावरची सहा वाद्यं बोटाने दाखवत मला एकच गोष्ट विचारत राहिले, "यांचे पण बघाल का? हा स्क्रू. यांचे पण?" सहापैकी दोन वाद्यांत तोच दोष निघाला. दोन्ही वाजवणाऱ्यांना वर्षभर शिव्या खाव्या लागल्या होत्या, हे मामांनीच सांगितलं.

मग तासभर नुसती निगराणी शिकवली, दोघांनाही. जुन्या मलमलचा तुकडा, त्याला दोरी आणि दोरीला शिशाची गोळी, वाजवून झालं की दोनदा नळीतून ओढायचा. लाकडी वाद्य तडकतं ते बहुतेक वरच्या भागातच, कारण श्वासाची ओल तिथे साठते. म्हणून थंडीत पहाटे बाहेर काढल्या काढल्या जोरात फुंकायचं नाही, आधी हातात ऊब येऊ द्यायची. गाडीच्या टपावर, उन्हात, कधीच नाही. माउथपीस कोमट पाण्याने धुवायचं, कढत पाण्याने एबोनाइट हिरवट पडतं. पॅड चिकटलं तर खाली पातळ कागद धरून दाबायचं, पावडर टाकायची नाही. पोरगा हे सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होता. वराती बारमाही असतात, मग त्यांत हे लाकडी वाद्य न्यायचं का, असं मामांनी विचारलं. मी म्हटलं, गणपतीत प्लास्टिकचं द्या, हे रियाजाला आणि बैठकीला ठेवा.

बैठकीला, हा शब्द ऐकून मुलाने विचारलं, यावर बैठकीत गातात तसं वाजतं का? मी त्याला क्लॅरिनेटवादक मास्टर इब्राहीम यांच्या जुन्या तबकड्या ऐकवल्या, फोनवर. आणि तिरुचिरापल्लीच्या ए. के. सी. नटराजन यांचं कर्नाटक संगीतातलं क्लॅरिनेट ऐकवलं, ज्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली. चाव्यांच्या या वाद्यातून ते गमक कसं काढतात ते ऐकताना पोरगा हातातली वही विसरला.

निघताना मामांनी विचारलं, "हा स्क्रू पुन्हा हलायचा नाही ना?"

"नेलपॉलिशचा एक थेंब लावला की बसतो. हवा तेव्हा निघतोही."

ते तसेच पावसात बाहेर गेले आणि कोपऱ्यावरच्या बांगड्यांच्या दुकानातून लाल बाटली घेऊन आले. मी काडीच्या टोकावर थेंब घेऊन पोराच्या हातात दिला. त्याने वाद्य खिडकीच्या उजेडात धरलं, श्वास रोखला आणि स्क्रूच्या डोक्यावर तो थेंब ठेवला. मग दुसऱ्या वाद्यावर, मग तिसऱ्यावर. वाळेपर्यंत तिघंही बाकड्यावर बसून होतो.