क्योतोची ताकासे: एका घराण्याने खणलेला कालवा

क्योतो समुद्रापासून लांब. ओसाकाहून योदो नदीने आलेला माल फुशिमीच्या धक्क्यावर उतरायचा आणि तिथून पुढे बैलगाड्या नि घोडे. शहरातून कामो नदी वाहते खरी, पण पावसाळ्यात ती उधाणते, एरवी वाळूत हरवते; तिच्यावर वर्षभराचा व्यापार चालणार कसा? सुमिनोकुरा र्‍योई या व्यापाऱ्याने तोडगा काढला. कामोचं पाणी घ्यायचं, पण पात्र वेगळं खणायचं. १६११ मध्ये त्याने आणि मुलगा सोआनने काम सुरू केलं, १६१४ मध्ये पुरं केलं. शहरातल्या निजोपासून फुशिमीपर्यंत, सुमारे १० किलोमीटर. परवानगी शोगुनाची, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाची; पैसा घरचा: सोन्याच्या नाण्यांत सुमारे ७५,००० र्‍यो.

खरी कसोटी पाण्याच्या खोलीची. कालवा उथळ, म्हणून होडीही तशीच: तळ सपाट, लांब आणि अरुंद. या 'ताकासेबुने' होड्यांवरूनच कालव्याला नाव मिळालं. तरीही काही ठिकाणी पाणी कमी पडायचं. तिथे काठाला खाचा पाडलेले दगड बसवलेले असत. खाचांत आडव्या फळ्या सरकवल्या की मागे पाणी तुंबून नाव तरंगायची. ही साधी युक्ती मला साऱ्या कालव्यात सर्वांत मोलाची वाटते.

चढाला नावा एकामागोमाग बांधून माणसं काठावरून दोरीने ओढत. पात्र अरुंद, समोरासमोर नावा आल्या तर कोंडी ठरलेली. म्हणून सकाळी वर, दुपारनंतर खाली. माल उतरवायला काटकोनात चर काढलेले होते, म्हणजे थांबलेली नाव वाट अडवत नसे. असे नऊ चर होते. त्यांतला पहिला, इचिनोफुनाइरी, अजून टिकून आहे.

एका फेरीचा कर २५०० मोन (छोटी नाणी): १००० शोगुनाला, २५० नावेच्या डागडुजीला, उरलेले १२५० घराण्याला. डागडुजीचा वाटा आधीच बाजूला काढलेला, हे विशेष. लाकूड, कोळसा, तांदूळ, मीठ येत राहिलं. काठावर लाकडाच्या वखारी उभ्या राहिल्या आणि रस्त्याचं नावच कियामाची, म्हणजे लाकूडवाल्यांची वस्ती, असं पडलं.

रेल्वे आली, मालवाहतूक घटली आणि १९२० मध्ये नावा थांबल्या. त्याच सुमारास ट्रामसाठी कालवा बुजवायचा बेत होता. काठच्या रहिवाशांनी विरोध केला, तेव्हा ट्राम शेजारच्या कावारामाची रस्त्यावर गेली.

पाणी आजही कामोच्या फाट्यातून, सुमिनोकुरांच्या जुन्या वाड्याच्या बागेतून कालव्यात शिरतं.