भोंगा कुठं मिळतो?

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात आमचा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे. वडिलांनी सुरू केला तेव्हा दोन कर्णे, एक आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि एक सायकल एवढंच भांडवल. गिऱ्हाईक म्हणजे सप्ताह, लग्नं आणि सभा. १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरायला लागली. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या त्या परिषदांबद्दल वडील म्हणायचे की भाषण संपल्यावर माणसं घरी जायची नाहीत, मांडवातच बसून कृष्णेचं पाणी कुणाच्या रानात कसं यायचं याचा हिशेब करत राहायची, आणि आपल्याला वायर गुंडाळायला रात्र व्हायची.

मला भाषण कमी कळतं, सभा जास्त कळते. मिक्सर स्टेजच्या कडेला असतो. तिथून वक्त्याची पाठ दिसते आणि लोकांची तोंडं दिसतात. तंबाखू मळायला कोण कुठल्या वाक्याला उठला, बायकांची बाजू कधी चुळबुळली, सगळं समोर. त्यावरून माझं एक मत झालंय. ते मी वक्त्यांना सांगत नाही, कारण बिल त्यांच्या संयोजकांकडूनच काढायचं असतं. टाळ्यांचा कडकडाट झाला की समजावं, उद्या गावात काही हलत नाही. कुणीतरी उठून "केवढ्याला पडलं?" असं विचारलं तर मात्र काहीतरी होतं. ग्रामस्वच्छता अभियानाच्या काळातही हेच बघितलं होतं. वरून आलेल्या साहेबांपेक्षा शेजारच्या गावचा सरपंच बोलायला लागला की लोक पुढं सरकून बसायचे.

हे लिहायचं कारण कडेगावकडच्या एका गावातला एक दिवस. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं माझी थोडी उधारी आहे अजून.

सावित्रीबाईंच्या जयंतीपासून जिजाऊंच्या जयंतीपर्यंत, म्हणजे ३ ते १२ जानेवारी, आमच्या भागात बऱ्याच गावांत व्याख्यानं ठेवतात. ऊसतोडीचा हंगाम असतो. त्यामुळं मारुतीच्या देवळापुढं मांडव घातला तरी दर पाच मिनिटाला डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर गाणी वाजवत जाणार आणि वक्त्याला थांबावं लागणार. त्या दिवशीचा विषय होता मोबाइल आणि मुलं. मुख्य वक्ते शहरातले प्राध्यापक. गोड आवाज, माईकची चांगली जाण. तास-सव्वा तास मला फेडरला, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या खटक्याला, हात लावावा लागला नाही. टाळ्याही दणकून. पुढच्या ओळीतली दोन पोरं त्यांचं भाषण मोबाइलवर शूट करत होती, ते सरांना बिचाऱ्यांना दिसलं नसावं.

नंतर 'अनुभव' म्हणून दहा मिनिटं एका अंगणवाडीताईंना दिली होती. त्या दुसऱ्या गावच्या, ओळखीतून आलेल्या. त्यांनी माईक हातात घेतला तो फोन कानाला लावावा तसा. शिट्टी बसली. मी जाऊन स्टँडवर लावून दिला.

त्यांनी सुरुवात मोहित्यांच्या वडगावपासून केली. ते गाव आमच्या सगळ्यांना पेपरातून माहीत. कोरोनात शाळा मोबाइलवर आली आणि शाळा सुरू झाल्यावरही मोबाइल पोरांच्या हातातून सुटेना. म्हणून त्या गावानं २०२२ च्या १५ ऑगस्टपासून ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत. सरपंच विजय मोहित्यांच्या मुलाखती बऱ्याच आल्या होत्या.

ताई म्हणाल्या, "पेपरात वाचलं आणि खरं वाटंना. म्हणून बचतगटातल्या आम्ही चौघी वडापच्या जीपनं जाऊन बघून आलो. तिथल्या बायकांनी सांगितलं, भोंगा घ्यायचा आधी आम्ही ठरवला, मग आशाताई, अंगणवाडीच्या बाया, रिटायर झालेले गुरुजी घराघरात गेले. नुसता भोंगा वाजवून काय हुतंय?"

मग स्वतःच्या गावचं, तिथंही त्यांनी हेच सुरू केलं होतं. माझा हात तेव्हा फेडरवरच राहिला, कारण ताईंचा आवाज हसताना एकदम चढायचा. पहिल्या आठवड्यात सगळं छान. दुसऱ्या आठवड्यात घराघरातून सिरीयलचा आवाज बारीक करून टीव्ही सुरू. "दार लावून, पडदा वढून! आणि सासू बाहेर कट्ट्यावर राखणीला." बायका खदखदून हसल्या. मॅच असली की पुरुष मोडायचे. कुणीतरी दंड ठेवा म्हणालं, तो त्यांनी ठेवू दिला नाही. "पन्नास रुपये भरून टीव्ही बघायचा परवाना घेतला असता की लोकांनी. पोरांना सांगायचे, आम्ही दंड भरलाय." शेवटी त्यांनी सिरीयल रात्री उशिरा पुन्हा लागते त्या वेळा वहीत उतरवून बायकांना वाटल्या आणि एक तास फक्त दहावी-बारावीच्या पोरांना आळीपाळीनं अभ्यासाला समाजमंदिर उघडं ठेवलं. तिथं चहाचं दूध कोण देतं, लाइटबिल कोण भरतं, किल्ली कुणाकडं असते, हेही सांगितलं. आज किती घरं पाळतात असं कुणी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "निम्मी धरा. परीक्षा आली की जास्त."

टाळ्या तुरळक पडल्या. आणि मग हात वर झाले.

एक बाई म्हणाली, सात ते साडेआठ म्हणजे भाकरी थापायची वेळ, पोरगं फोन बघत जेवतं, ते अभ्यासाला बसलं तर जेवण कधी? डेअरीवाल्यानं विचारलं, संध्याकाळच्या दुधाचा मेसेज सातनंतरच जातो, त्याचं काय? किराणा दुकानदार म्हणाला, गिऱ्हाईक आता फोनवरच पैसे देतं. रानात मोटर मोबाइलवरून सुरू करणारा एक जण होता, त्याला लाइट येते कधी हेच फोनवरून कळायचं. ताई एकेकाला उत्तर देत होत्या, आणि ज्याचं नव्हतं त्याला "ते आमचंबी सुटलं नाही" म्हणत होत्या. प्राध्यापकांची गाडी थांबली होती, तरी ते बसून राहिले आणि वहीत लिहीत होते. मला त्यांचं कौतुक वाटलं.

मागून एक म्हातारे उठले. "ते समदं ठीक. भोंगा कुठं मिळतो? केवढ्याला पडतो?"

ताईंनी सरळ माझ्याकडं बोट केलं. "ते साऊंडवाले दादा सांगतील की."

माझ्या माईकवर मी आयुष्यात "हॅलो, माईक टेस्टिंग" सोडून काही बोललो नव्हतो. वायर तपासल्यासारखं केलं, पण लोक बघतच राहिले. शेवटी उभा राहिलो आणि जे येतं ते सांगितलं. देवळाच्या कर्ण्यावर पेनड्राइव्हवरून भोंग्याचा आवाज लावणं सगळ्यात स्वस्त, पण पूर्ण आवाजात एकसारखा सूर दिला की कर्ण्याचं युनिट जळतं. त्यापेक्षा मोटरचा भोंगा, म्हणजे सायरन, घ्यावा, सिंगल फेजवर चालतो. डब्यावर लिहिलेले किलोमीटर मोकळ्या माळावरचे असतात. उसाचं रान आणि घरांच्या भिंती मध्ये आल्या की ते निम्म्यावर येतात. वाऱ्याच्या उलट बाजूच्या आळीला कमी ऐकू येणार, म्हणून उंचावर बसवायचा. वायर, टायमर, पावसाचा पत्रा धरून दहा-बारा हजारांत बसेल. कारखान्याच्या भोंग्याएवढा मोठा घेऊ नका, तान्ही पोरं दचकतात.

देवळावर की कुठं, यावर लगेच दोन आळ्यांत जुंपली. मी म्हणालो पाण्याच्या टाकीवर बसवा, टाकी सगळ्यांची. हे मी धंद्याच्या दृष्टीनं बोललो होतो, तिथं शिडी आहे आणि लाइटही आहे. पण लोकांना तो तोडगा वाटला आणि मला पहिल्यांदाच टाळी पडली. माझ्याच हिशेबानं हे वाईट लक्षण.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक आजी म्हणाल्या, "आणि तुमचा डीजे वो? हळदीला पार छाती फुटंस्तवर वाजवता. त्याला कुठला भोंगा लावायचा?"

मांडव हसून लोळला. मला हसणं अवघड झालं, कारण खरं होतं. रात्री दहानंतर स्पीकर बंद, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, हा कायदा मला पाठ आहे. आणि हळदीच्या दिवशी ५५ डेसिबलवर डीजे लावला तर नवरदेवाचे मित्र मला गाव सोडू देणार नाहीत, हेही पाठ आहे. आमचं घर सभांवर चालत नाही. सभेचं भाडं चहापाण्यात जातं, चार पैसे मिळतात ते हळदीचे आणि मिरवणुकीचे. मी एवढंच म्हणालो, "आजी, गावानं ठरवलं तर मी पाळीन. एकट्यानं पाळलं तर दुसरा साऊंडवाला येईल."

"मग ठरवू की," आजी म्हणाल्या आणि पदर सावरून बसल्या.

पुढं २६ जानेवारीची ग्रामसभा होती. तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती सह्यांपुरती होते. इथं म्हणे खोली पुरली नाही. ठराव तिथंच झाला आणि ग्रामसभेत पुरुषांपुढं आला तो तयार होऊनच. भोंग्याचे पैसे बचतगट आणि दूध संस्थेनं निम्मे-निम्मे घातले. आजींचा मुद्दाही त्यात घुसवलेला: सात ते साडेआठ गावात डीजे, बँड, ट्रॅक्टरवरची गाणी बंद, मग हळद कुणाचीही असो.

फेब्रुवारीत मी टाकीवर भोंगा चढवला. त्या गावच्या हळदीच्या पावतीवर आता मी वेळ लिहून घेतो. दोन बुकिंगं त्यामुळं गेली. एक जण रागावून कऱ्हाडचा साऊंड घेऊन आला, तर त्यालाही लोकांनी सातला बंद करायला लावलं. ते ऐकून मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणतात बहुतेक. पाळणारी घरं किती ते मला माहीत नाही. मी गेलो त्या संध्याकाळी दोन-तीन खिडक्यांत टीव्हीचा निळा उजेड होताच.

अडचण सध्या टायमरची आहे. स्वस्तातला घेतला, त्यात बॅटरी नाही. लाइट गेली की तो थांबतो आणि परत आली की तेवढाच मागं पडतो. साताचा भोंगा उशिरा झाला तर एकही फोन येत नाही. साडेआठाचा पाच मिनिटं लांबला तर पोरांचे फोन सुरू: "काका, तुमचा भोंगा बंद पडलाय काय?" बॅटरीचा टायमर घ्या म्हणून मी अंदाज लिहून दिलाय, तो मंजुरीला पडून आहे. तोवर दूध संस्थेतला पोरगा घड्याळ बघून हातानं बटण दाबतो. रविवारी त्याची सुट्टी असते, तेव्हा आजी दाबतात.