ताप उतरल्यावरची शाळा

सोमवार, रात्री

संध्याकाळपासून लेक मलूल आहे. नाक वाहतंय, डोळे जड झालेत, अंग मात्र अजून गरम लागत नाही. उद्या शाळेत पाठवायचं की नाही, हे आता सकाळी उठून तिच्या कपाळाला हात लावल्यावरच ठरेल. ज्यांच्या घरात सारखं आजारी पडणारं मूल आहे, त्यांना ही सकाळ ओळखीची असेल. डबा भरायचा की नको? रजा कोणी टाकायची, मी की तिच्या आईने? पाठवलं तर दुपारी शाळेतून फोन येईल का? आणि नाही पाठवलं तर हजेरीपटात आणखी एक खूण.

या वर्षी त्या खुणा बऱ्याच झाल्या आहेत. म्हणून आज शांतपणे हिशेब मांडला. लहान मुलांना वर्षात ६ ते ८ वेळा सर्दी होणं सर्वसाधारण मानलं जातं, काहींना त्याहूनही जास्त वेळा होते. सर्दीच्या विषाणूंपैकी नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, त्यामुळे एका प्रकाराशी शरीराची ओळख होते न होते तोच दुसरा येतो. आता प्रत्येक सर्दीला दोन दिवस घरी ठेवलं, तर ८ सर्द्यांचे १६ दिवस होतात. अनेक ठिकाणी शाळेच्या एकूण दिवसांपैकी १० टक्के दिवस बुडाले की मूल सततच्या गैरहजेरीच्या यादीत जातं. शाळा १८० दिवस भरत असेल, तर ते १८ दिवस. म्हणजे प्रकृतीने अगदी धडधाकट, फक्त सर्दी-पडशाचं मूलसुद्धा त्या यादीच्या उंबरठ्यावर येऊन उभं राहतं. त्यात एकदा कांजिण्या झाल्या की गेलंच.

हा हिशेब मांडून थोडा धीर आला. आमच्या घरात काहीतरी चुकतंय, आमचं लक्ष कमी पडतंय, ही बोच सतत असते. ती जरा कमी झाली.

मंगळवार

ताप १०१. प्रश्नच मिटला.

१००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, किंवा त्याहून जास्त असेल तर घरी, हा नियम आम्ही पाळतो. उलट्या-जुलाब असतील तर शेवटच्या वेळेनंतर ४८ तास घरी. कांजिण्यांमध्ये सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. हे फक्त आपल्या मुलासाठी नसतं. वर्गात एखादं मूल असं असू शकतं की ज्याची प्रतिकारशक्ती एखाद्या उपचारामुळे कमी झालेली आहे, एखाद्याच्या घरी तान्हं बाळ असतं. आपण तापाचं औषध पाजून मूल शाळेत सोडतो, चार तासांनी औषध उतरतं, तोपर्यंत ते मूल शेजाऱ्याच्या वहीवर शिंकून झालेलं असतं. असं करणाऱ्या पालकांवर मात्र मला रागावता येत नाही. ज्यांच्या रजेचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग काय असतो?

नुसता खोकला किंवा वाहतं नाक, आणि मूल खेळतंय, खातंय, तर मात्र पाठवावं असं माझं मत झालं आहे. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तो पूर्ण थांबेपर्यंत घरी ठेवायचं म्हटलं तर शाळा सुरूच व्हायची नाही.

गुरुवार

ताप उतरला. आज खरं तर आनंदाने शाळेत जायला हवं होतं. पण सकाळी उठल्या उठल्या, “पोटात दुखतंय.”

पोट मऊ होतं, शौचाला नीट झालं होतं, ताप नव्हता. आजी म्हणाली, “नाटक करतेय, पाठवा.” मला ते नाटक वाटलं नाही. मुलांच्या मनातली भीती पोटात उतरते आणि ते दुखणं त्यांना खरोखर जाणवतं. मी शेजारी बसलो, काही विचारलं नाही, तिच्या बुटांच्या नाड्या सोडवत राहिलो. मग हळूहळू निघालं. गणितात नवीन काहीतरी सुरू झालंय आणि सगळ्यांना येतं. मधल्या सुट्टीतल्या खेळात तिच्या जागी दुसरी मुलगी आली आहे. आणि शाळेत गेल्यावर सगळे विचारणार, “तू सारखी सारखी का नसतेस?”

मला वाटतं, आम्ही पालक चुकीच्या दिवसाची काळजी करत बसतो. जो दिवस बुडाला तो बुडाला. ताप असताना मूल काही शिकणार नव्हतंच. अवघड असतो तो परतण्याचा दिवस. मूल वर्गाच्या दारात उभं राहतं तेव्हा आतलं सगळं त्याच्याशिवाय पुढे गेलेलं असतं. धडा, खेळ, गुपितं, वर्गातले नवे विनोद. मोठ्या माणसालाही चार दिवसांच्या रजेनंतर ऑफिसात पहिला तास परक्यासारखं वाटतं, आणि त्याला निदान आपलं टेबल तरी तिथेच मिळतं. सात-आठ वर्षांच्या मुलाने हे कसं पेलायचं? तो दिवस नीट गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पोट दुखतं. आजारपणाची एक गैरहजेरी, तिच्या पोटातून भीतीची दुसरी. हजेरीपटात दोन्हींची खूण सारखीच असते, म्हणून कोणाला कळत नाही.

फरक ओळखायची एक साधी खूण मला सापडली आहे. दुखणं सुट्टीच्या दिवशी कुठे जातं ते बघायचं. रविवारी सकाळी हुंदडणारं आणि रविवारी संध्याकाळपासून दुखू लागणारं पोट असेल, तर शाळेत काय चाललंय हे विचारायची वेळ झालेली असते. पण आधी डॉक्टर, मग हा तर्क. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं, शौचातून रक्त, यांतलं काही असेल तर मन वगैरे बाजूला ठेवून तपासणी करून घ्यायची.

आज तिला पाठवलं. पहिल्या तासाला वर्गाच्या बाहेर बाईंना गाठून एवढंच सांगितलं की तिला गणिताची भीती वाटते आहे. बाईंनी तिचा हात धरून आत नेलं.

शुक्रवार

डॉक्टरांकडे गेलो होतो, वारंवार येणाऱ्या सर्दीसाठी. मनात धास्ती होती की हिची प्रतिकारशक्तीच कमी आहे का. त्यांनी वजन-उंचीचा तक्ता काढला, रेघ नीट वर चढते आहे. मग त्यांनी विचारलेले प्रश्न इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणालाही लागतील: वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला का? कानाचा संसर्ग चार किंवा जास्त वेळा झाला का? रात्री किंवा पळल्यावर खोकला येतो का, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का? पहिल्या दोन प्रश्नांना “हो” असेल तर प्रतिकारशक्तीची तपासणी, तिसऱ्याला असेल तर दम्याचा विचार. दम्याच्या मुलांना साध्या सर्दीनेही झटका येऊ शकतो, आणि उपचार नीट चालू असतील तर त्यांचे शाळेचे कितीतरी दिवस वाचतात.

आमचं तिन्हींना “नाही” होतं. पण त्यांनी कानात पाहिलं आणि म्हणाले, पडद्यामागे पाणी साठलंय. सर्दीनंतर मुलांना असं होतं, दुखत नाही, पण ऐकू कमी येतं, पाण्याखालून ऐकल्यासारखं. बहुतेकांचं तीनेक महिन्यांत आपोआप निवळतं, तोवर लक्ष ठेवायचं.

मी गाडी चालवत घरी येताना हेच डोक्यात घोळत होतं. गणित कळत नाही म्हणून जिचं पोट दुखतंय, तिला मागच्या बाकावरून बाईंचं बोलणं नीट ऐकूच येत नसेल तर? तिला स्वतःलाही ते कळलं नसेल. लगेच बाईंना कळवलं. सोमवारपासून पहिला बाक.

रविवार

शाळेत दर महिन्याला पूर्ण हजेरी असलेल्या मुलांसाठी टाळ्या वाजवतात. मला ते पटत नाही, आणि पुढच्या पालकसभेत मी तसं बोलणार आहे. न आजारी पडणं हे मुलाचं कर्तृत्व नाही. त्या टाळ्यांसाठी अंगात ताप असलेलं मूल “मी बरी आहे” म्हणून हट्टाने दप्तर उचलतं. टाळ्या वाजवायच्याच असतील, तर आजारातून परत आलेल्या मुलासाठी वाजवाव्यात.

आणखीही मागायचं आहे. हजेरीपटात आजारपणाची वेगळी खूण असावी, म्हणजे महिन्याअखेरीस बाईंना आणि आम्हाला दोघांनाही दिसेल की कुठले दिवस तापाचे आणि कुठले कशाचे. मूल परतेल त्या दिवशी शेजारी बसणाऱ्या एकाला सांगावं, आज हिला काय काय झालं ते दाखव. सगळा बुडालेला अभ्यास एका रात्रीत उतरवून आणायला लावू नये. आजारातून उठलेल्या मुलाला झोप हवी असते, या वयाच्या मुलांना एरवीही ९ ते १२ तास लागते. बाईंनी फक्त सांगावं की यातलं कुठलं आलं नाही तर पुढचं अडेल. तेवढं आम्ही घरी करून घेऊ.

माझ्या बाजूने मी एक वही घातली आहे. तारीख, ताप किती, काय झालं होतं, कधी परतली, परतल्यावर कशी होती. शेवटचा रकाना मी सगळ्यात मन लावून भरतो. आज तिच्या मैत्रिणीला खेळायला बोलावलं होतं. दोघी मिळून गणिताचं पुस्तक उघडून बसल्या आहेत, कुणी सांगितलं नव्हतं.