‘पडेल ते काम’ : आमच्या दस्तलेखनाच्या दुकानाची वाटचाल

लातूरच्या तहसील कचेरीबाहेर, कडुनिंबाखाली माझं पहिलं टेबल लागलं 1997 साली. टेबल म्हणजे शाळेनं मोडीत काढलेलं एक बाक. त्यावर जुना मराठी रेमिंग्टन टाईपरायटर, त्यातला ‘ळ’चा खिळा वाकलेला. त्यामुळं माझ्या प्रत्येक कागदात ‘ळ’ ओळीच्या वर चढून बसायचा. अजूनही कुणी पिवळा पडलेला कागद घेऊन आला की तो ‘ळ’ बघून मी ओळखतो, हा आपल्याच हातचा.

पानाला पाच रुपये दर. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, बटईपत्रं, भाडेपत्रं आणि पाडव्याच्या आधीचे आठ-दहा दिवस सालपत्रं, म्हणजे शेतावर वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचे करार. मजकूर ठरलेला असायचा, नुसती नावं बदलायची. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता’. निजामाच्या राजवटीपासून हातोहात चालत आलेली ती भाषा मला तोंडपाठ होती. सालपत्रात मधोमध एक वाक्य असायचं : ‘सदर गडी मालकाचे शेतात व घरी पडेल ते काम करील.’ हे वाक्य मी किती वेळा बडवलं असेल, देव जाणे. बोटं आपोआप चालायची.

खरं तर मला ते सगळ्यात आधी टोचायला हवं होतं. माझे अण्णा बावीस वर्षं सालगडी होते. पाडव्याला मालकाच्या ओसरीवर बोलणं व्हायचं. साल म्हणजे वर्षाचे पैसे किती, त्यातली उचल आगाऊ किती, ज्वारीची पोती किती, एक घोंगडी, एक चपलांचा जोड. सुपारी फुटली की साल ठरलं. काम काय, हे कुणी विचारायचं नाही. पडेल ते. त्या ‘पडेल’मध्ये रातच्या लाईटीवर दारं धरणं, म्हणजे पिकाला पाणी देणं आलं, मालकाच्या पाहुण्यांना स्टँडवरून आणणं आलं, लग्नात पंगतीच्या पत्रावळ्या उचलणं आलं. आणि आई आली. साल अण्णांचं, पण वाड्यातली झाडलोट, शेणपाणी, तुरी भरडणं सगळं आईकडं. ओसरीवरच्या बोलण्यात तिचं नाव कधी निघालं नाही. अण्णांच्या सालात ती फुकट धरलेली होती. आणि त्यांचाच मुलगा बाहेर झाडाखाली बसून तेच वाक्य पाच रुपयांना विकत होता. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

बदल झाला तो एका भांडणानं. 2003 च्या उन्हाळ्यात मालक आणि गडी एकाच मोटारसायकलवर बसून आले आणि उतरल्या उतरल्या भांडायला लागले. हातात माझाच कागद, वर चढलेल्या ‘ळ’चा. मला वाटलं पैशाचं असेल. तर पैशाचा वाद नव्हताच. मालक म्हणे, “ह्यो सात वाजता उगवतो, तवर डेरीची गाडी निघून गेलेली असतीय.” गडी म्हणे, “रातच्याला दोन वाजता लाईट आली, तवा पाणी कुणी दिलं? मी का तुमच्या पोरानं?” दोघंही खरं बोलत होते. कागद मात्र काहीच बोलत नव्हता. त्यात होतं ‘पडेल ते काम’, आणि रात्रीचं पाणी नि पहाटेचं दूध दोन्ही त्याच्याच अंगावर पडलेलं.

मी कागद उलटा केला आणि गड्याला म्हणालो, “मामा, उठल्यापासून सांगा.” का म्हणालो, ठाऊक नाही. कदाचित टाईपरायटरची रिबन संपली होती म्हणून वेळ काढत असेन. पण तो सांगत गेला, मी पेननं लिहीत गेलो, मालक मधेमधे दुरुस्त करत गेला. दीड तास लागला, तीन वेळा चहा झाला. शेवटी निघालं ते एवढंच : ज्या दिवशी रात्री पाणी द्यायचं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेचं दूध मालकाच्या पोरानं काढायचं आणि गड्यानं दुपारी न्याहारी करून यायचं. मालकालासुद्धा हे अवघड वाटलं नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. दोघं पुन्हा त्याच मोटारसायकलवर बसून गेले. मी पैसे मागायचे विसरलो.

तिथून आमच्या कागदाला एक मागचं पान लागलं. गिऱ्हाईक त्याला ‘दिवसाचा कागद’ म्हणायला लागलं, मग आम्हीही.

सुरुवातीला मी त्यात घड्याळ घातलं. सकाळी सहा, दुपारी एक, असं. ते चाललं नाही. थंडीत सहाला अंधार असतो, मृगाच्या पेरणीत माणूस पाचलाच रानात असतो. मग कळलं की दिवस घड्याळावर नाही, कुठल्यातरी गोष्टीवर टांगावा लागतो. ‘डेरीची गाडी येण्याआधी.’ ‘जनावरं पाण्यावरून आल्यावर.’ एका ओळखीच्या वकीलसाहेबांना मी विचारलं, असं मोघम लिहिलेलं चालतं का? त्यांनी 1872 च्या करार कायद्याचं कलम 29 वाचून दाखवलं. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करूनही घेता येत नाही, तो करार शून्य. दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा, ते म्हणाले. डेरीची गाडी कधी येते हे कुणालाही विचारून ठरवता येतं, म्हणजे ते मोघम नाही. त्याच कलमाखाली उदाहरण आहे : शंभर टन तेल विकायचं ठरलं, पण कसलं तेल ते ठरलंच नाही. लातूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. करडईचं का सोयाबीनचं, हे न विचारता इथल्या अडतीवर कुणी पुढचा शब्द बोलेल का? मग माणसाच्या कामाचं आपण न विचारता कसं बोलतो, असा प्रश्न मला त्या दिवशी पडला आणि मग सुटलाच नाही.

मधली वर्षं पटकन सांगतो. 2004 ला कॉम्प्युटर आला, 2006 ला झाड सोडून भाड्याचा गाळा घेतला. बायको हिशेबाला बसायला लागली, भाचा शहरातून शिकून आला. घरभाड्याचे करार ऑनलाईन नोंदवायची सोय झाल्यावर अंगठा घ्यायचं मशीन घेतलं. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, असं सांगत अजूनही रोज एखादा घरमालक येतो. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं महाराष्ट्रात ते चालत नाही आणि नोंदणीची जबाबदारी मालकावरच आहे, हे भाचा न कंटाळता सांगतो. मी असतो तर कंटाळलो असतो.

धंद्यात खरी भर पडली ती क्लासेसमुळं. लातूर पॅटर्नच्या नावानं बाहेरगावची हजारो लेकरं इथं येऊन राहतात, त्यांच्यामागं खाणावळी, वसतिगृहं, अभ्यासिका. प्रत्येकाचा प्रत्येकाशी करार. एका वसतिगृहवाल्यानं खाणावळ चालवणाऱ्या काकूंबरोबरचा करार माझ्याकडून करून घेतला. तोवर मला दिवस लिहायची चटकच लागली होती. चार पानं झाली. पोहे किती वाजता, भाजी कुठल्या वारी, चतुर्थीला साबुदाणा कधी, डबा परत येण्याची वेळ, परीक्षेच्या दिवशी काय. मी काकूंना सगळं वाचून दाखवलं. त्या पदरानं घाम पुसत म्हणाल्या, “भाऊ, लई छान लिहायलाव. पर म्या श्वास कवा घ्यायचा ते राहिलं की.”

गाळ्यात सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री झोप लागली नाही. पडेल ते काम लिहून माणूस जसा बांधता येतो, तसा मिनिटामिनिटाचं लिहूनही बांधता येतो. दुसऱ्या दिवशी चार पानांचं सव्वा पान केलं. भाजीचे वार काढून टाकले, ते काकूंना बाजारात काय स्वस्त मिळेल त्यावर. ठेवलं ते एवढंच : दोन जेवणांची वेळ, किती ताटं, ताटं वाढली तर आदल्या दिवशी कधीपर्यंत सांगायचं, आणि रविवारी संध्याकाळी चूल बंद. शेवटच्या ओळीवर वसतिगृहवाला अडून बसला होता. काकू त्याच्यापेक्षा जास्त अडून बसल्या.

2016 चा उन्हाळा मात्र कुणी विसरू नये. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली ती 12 एप्रिलला, पहिल्या खेपेत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर लोक गाडीचे फोटो काढत होते आणि माझ्या गाळ्यात टँकरचे करार चालले होते. सगळ्यांच्या तोंडी एकच : ‘रोज दोन खेपा.’ टँकर केवढा, कुणी बोलत नव्हतं. एका सोसायटीला पाच हजार लिटरचा सांगून त्याहून लहान येत होता, तोही रात्री एक वाजता, सगळे झोपेत असताना. हौदात पाणी पडलं का रस्त्यावर, कोण बघणार? त्या दोन महिन्यांत आम्ही टँकरच्या दिवसाचा कागद असा काही घट्ट बसवला की तो मला पाठ आहे : टँकरची क्षमता लिटरमध्ये, खेपेची वेळ उजेडातली, पाईप कुणी धरायचा, वही कुणाकडं, आणि विहीर आटली तर आदल्या संध्याकाळी फोन. यातलं शेवटचं सगळ्यात कामाला आलं. पाणी नसल्याचं दुःख लोक सोसत होते. वाट बघत बसल्याचं सोसत नव्हते.

सगळेच कागद आम्ही केले असं नाही. दसऱ्याच्या आधी ऊसतोडीच्या टोळ्यांची उचल वाटली जाते, तेव्हा करारांची रांग लागते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, त्यावर उचल. टोळ्या जमवणाऱ्या एका मुकादमानं मजकूर लिहूनच आणला होता : टोळी सोडली तर घरातल्या दुसऱ्या माणसानं फिटेपर्यंत राबायचं. मी म्हणालो, हे मी टाईप करणार नाही. असल्या कागदाला 1976 च्या कायद्यानं वेठबिगारी म्हटलंय, आणि त्यावर कितीही सह्या असल्या तरी तो उभा राहत नाही. तो हसला. समोरच्या गल्लीत जाऊन अर्ध्या तासात करून आणला, वर मला दाखवायलाही आला. त्या हंगामात त्याच्या ओळखीतले सगळे कागद गेले. बायकोनं वहीत त्या महिन्याच्या पुढं नुसती एक आडवी रेघ मारली, बोलली काही नाही.

आता स्टँपचं एक दुखणं आहे. ऑक्टोबर 2024 पासून शंभराचा स्टँप गेला, पाचशेचा आला. सालगड्याच्या कागदाला पाचशे कोण देणार? साध्या कागदावर केला म्हणून करार रद्द होत नाही, पण कोर्टात पुरावा म्हणून पुढं करायचा झाला तर आधी शुल्क आणि दंड भरावा लागतो. हे आम्ही सांगतो आणि निर्णय त्यांच्यावर सोडतो. बहुतेक जण साध्या कागदावर दिवस लिहून घेतात, दोन प्रती, एक गड्याच्या घरी. गेल्या वर्षी एकानं तो पत्र्याच्या शेडात दाराला खिळा मारून लावलेला मी पाहिला. कोर्टापेक्षा त्याचा उपयोग तिथंच जास्त असावा.

एक राहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय ही वाटचाल खोटी ठरेल. आमच्याकडं टायपिंगला एक मुलगी होती, सहा वर्षं. हात इतका स्वच्छ की तिचं पान मी वाचून बघत नसे. 2019 मध्ये ती एकाएकी सोडून गेली. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. तिच्या त्या दिवसाचा कागद. दहा वाजता काय, साडेअकराला काय, दोन घास खाताना कुणी उठवलं. शेवटच्या तीन ओळी सारख्याच होत्या : ‘सहा वाजता : एवढं एक पान. साडेसहा : एवढं एकच. सात दहा : शेवटचं.’

मी कपाटातून तिचं नेमणूकपत्र काढलं. मीच टाईप केलेलं. ‘कार्यालयात पडेल ते काम.’ दुकानांसाठी 2017 चा कायदा आला तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असलेल्या आमच्यासारख्यांना त्याच्या बहुतेक अटी लागू नव्हत्या, आणि मी ते मोठ्या आनंदानं भाच्याला वाचून दाखवलं होतं, हेही तेव्हा आठवलं. तिला फोन केला. ती चांगलं बोलली. परत आली नाही.

चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली आहे. आता जी मुलगी आहे, तिचा कागद तिनं स्वतः लिहिला, मी फक्त शुद्धलेखन तपासलं. त्यात एक ओळ आहे : सहानंतर आलेलं गिऱ्हाईक मालक स्वतः घेतील.

यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी औशाकडचे एक मालक गड्याला घेऊन आले. मुलीनं स्कार्फ बांधला, पर्स उचलली, “येते काका” म्हणाली आणि गेली. मी कीबोर्ड ओढला. माझी बोटं आता हळू चालतात. साल, उचल, ज्वारी झालं. मग मी गड्याला म्हणालो, “हं, उठल्यापासून सांगा. किती वाजता उठता?”

तो मालकाकडं बघायला लागला. उत्तर आलं ते दारात लेकराला घेऊन उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडून.

“मी का ह्ये? मी साडेचारला.”