२००३ चा सर्व्हर, नव्या मशीनवर

या पतसंस्थेचा ठेवी-कर्जांचा सगळा हिशोब अजून विंडोज सर्व्हर २००३ वर आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट जुलै २०१५ मध्येच बंद केला. सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्याने धंदा गुंडाळला, तरी संचालकांचं उत्तर ठरलेलं: "चालतंय ना?" मशीन अधूनमधून आपोआप बंद पडायला लागलं तेव्हा मला फोन आला. मी हार्डवेअर-नेटवर्किंगवाला. जुना सर्व्हर जसाच्या तसा नव्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर, म्हणून चालवायचं ठरवलं. व्हीएम व्हिडिओत पाहिलेली, गिऱ्हाइकाकडे कधी बसवली नव्हती.

नव्या मशीनवर प्रॉक्समॉक्स, म्हणजे व्हीएम चालवणारी सिस्टीम, टाकायला फार वेळ लागत नाही. फक्त इन्स्टॉलर म्हणाला, व्हर्च्युअलायझेशनचा सपोर्टच नाही. रायझन प्रोसेसरला सपोर्ट नाही? बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, त्याचं नाव 'एसव्हीएम मोड', सीपीयूच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये दडलेलं आणि बंद. बोर्डवाले हे बंद करून का पाठवतात, कळत नाही. ते चालू केलं आणि पुढचं सगळं दुसऱ्या पीसीच्या ब्राउझरमधून, ८००६ पोर्टवर.

मग क्लोनझिला या सॉफ्टवेअरने जुन्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घेतली, व्हीएममध्ये उतरवली, स्टार्ट दाबलं. निळा स्क्रीन, स्टॉप एरर ७बी. मॅनेजरसाहेबांचा चेहरा पडला; मला मात्र हायसं वाटलं, कारण ही ओळखीची चूक होती. मदरबोर्ड बदलला की हेच होतं. विंडोजला बूट होताना डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर लागतो आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, नोंद असते फक्त जुन्या कंट्रोलरची. त्यावर 'मर्जआयडीई' नावाची छोटी रजिस्ट्री फाइल आहे. संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर ती मूळ मशीनवर चालवली, इमेज पुन्हा घेतली, व्हीएमला डिस्क आयडीई (डिस्क जोडायची जुनी पद्धत) म्हणूनच दिली. लॉगिन स्क्रीन आला.

नेटवर्क कार्ड मुद्दाम रिअलटेक ८१३९ निवडलं, कारण त्याचा ड्रायव्हर २००३ मध्ये आधीपासूनच असतो. पण जुना आयपी टाकला तर विंडोज म्हणे, हा पत्ता दुसऱ्या ॲडॉप्टरकडे आहे. तो ॲडॉप्टर म्हणजे जुन्या मशीनमधलं कार्ड, जे इथे नाहीच! नसलेली हार्डवेअर डिव्हाइस मॅनेजरमध्ये आपोआप दिसत नाहीत. आधी कमांड प्रॉम्प्टवर एक व्हेरिएबल सेट करावा लागतो, मग तिथूनच डिव्हाइस मॅनेजर उघडून 'शो हिडन डिव्हाइसेस'. भुताचं कार्ड अनइन्स्टॉल केलं आणि काउंटरवरचे पीसी काही न बदलता जोडले गेले. माझ्या कामातला हा भाग मला सगळ्यात आवडला. अर्थात, बघायला शिपाईमामा सोडून कोणी नव्हतं.

शेवटी यूएसबी डोंगल, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरची पोर्टात खोचायची किल्ली; ती नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. ते पोर्टवरून नाही, तर व्हेंडर-डिव्हाइस आयडीने (कंपनी आणि मॉडेलच्या क्रमांकाने) व्हीएमला दिलं, म्हणजे कोणी दुसऱ्या पोर्टात खोचलं तरी चालावं. सॉफ्टवेअर उघडलं.

सकाळी साहेब खूश. आणि लगेच म्हणाले, "मग आता नवीन सॉफ्टवेअरचा खर्च पुढच्या वर्षी बघू." गेली काही वर्षं तो विषय निदान सभेत निघत तरी होता, कारण मशीन मरायला टेकलं होतं. आता रोज रात्री बॅकअप होतो, होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारं मशीन, जळाला तर दुसऱ्यावर तासाभरात उभं करता येईल. म्हणजे ज्या भीतीने ते हललेच असते, ती मीच काढून घेतली. व्हीएमचा इंटरनेट मी बंद ठेवलाय. त्यावरही "मेल बघता येत नाही" अशी क्लार्कची तक्रार आलीच.

बॅकअप डिस्कचा होतो, डोंगलचा नाही. ते तुटलं तर दुसरं देणारा कोणी उरलेला नाही, हे साहेबांना लेखी दिलंय. पोच मिळाली, उत्तर अजून नाही.