नदी ॲप, अपडेट ६: तारीख परत आजची का होत होती ते सापडलं

मंडळी, सापडलं एकदाचं. (नवीन असाल तर: नदी ॲप म्हणजे सांगलीतली नदीची पाणीपातळी फोनवर दाखवणारं ॲप, मी ते फ्लटर ह्या ॲप बनवायच्या साधनात लिहितोय, आणि पातळीच्या नोंदी आपल्या ग्रुपमधली माणसं टाकतात.) मागच्या अपडेटला लिहिलं होतं बघा, नोंदीच्या पानावर तारीख निवडली की ती आपोआप परत आजची होते, कधी होते, कधी होत नाही, आणि मी दोन आठवडे तिच्या मागं लागलोय म्हणून. काल रात्री सव्वादहाला लाईट गेली आणि लाईट गेल्यामुळंच सापडलं. कसं ते सांगतोच, पण थोडं मागनं सुरुवात करायला लागेल, कारण हे सगळं तारखेपासनं सुरू झालेलं नाही, बाबांपासनं झालंय.

अपडेट ४ मध्ये मी इनिटस्टेटमध्ये, म्हणजे पान पहिल्यांदा तयार होताना एकदाच चालणाऱ्या कोडमध्ये, फेच (नेटवरनं माहिती आणणं) टाकला होता. पान तयार झालं की नोंदींच्या ऑनलाइन शीटवरनं ताजी पातळी येणार आणि मोठ्या आकड्यात दिसणार, एवढं बास आहे असं वाटलं होतं. मग त्या जोराच्या पावसात कोयनेतनं विसर्ग वाढला, बाबांनी संध्याकाळी कट्ट्यावर फोन काढला आणि चारचौघांना सांगितलं की आयर्विन पुलाला अजून ३१ फूटच आहे. पाणी तोवर ३६ च्या वर गेलं होतं. बाबांनी ॲप सकाळी उघडलेलं, ते मागं तसंच जिवंत होतं, संध्याकाळी फोननं तेच पान नुसतं पुढं आणून ठेवलं. नवीन पान तयारच झालं नाही, मग इनिटस्टेट परत कशाला चालतोय! सांगलीत ४० फुटाला इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी, त्यामुळं पाणी चढत असताना ३१ की ३६ ह्यावरनं आमच्या गावभागात सामान माळ्यावर टाकायला घ्यायचं का नाही ते ठरतं. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी ज्यांनी घरात बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून ठरवलं की पान दिसलं की कोड चाललाच पाहिजे, प्रत्येक वेळी. आणि तिथं कळलं की फ्लटरमध्ये ‘पान दिसलं’ अशी एकच गोष्ट नाहीच. आपला तासगावचा डॉटनेटवाला (मायक्रोसॉफ्टच्या साधनांत ॲप लिहिणारा) गडी, झामरिन ह्या जुन्या साधनाचा सपोर्ट १ मे २०२४ ला संपला तेव्हा त्याच्या जागी आलेल्या माउईवर गेला तो, त्याच्याकडं ऑनअपिअरिंग म्हणून सरळ मेथड आहे, ओव्हरराइड करायची आणि आत लिहायचं. रिॲक्ट नेटिव्ह ह्या दुसऱ्या साधनात लिहिणाऱ्यांना युजफोकसइफेक्ट आहे. आपल्याकडं पान चार वाटांनी दिसतं. पहिल्यांदा तयार होतं तेव्हा, वरचं पान काढून मागं येतो तेव्हा, टॅब बदलून येतो तेव्हा, आणि ॲप मागनं पुढं येतं तेव्हा. इनिटस्टेट ह्यातली फक्त पहिली वाट बघतो.

सुरुवातीला घाईत फेच बिल्डमध्ये, म्हणजे पान पडद्यावर काढणाऱ्या कोडमध्ये, टाकला होता, तो दीड दिवस टिकला. नोंदीच्या पानावर फूट-इंच टाकायला कीबोर्ड वर आला की मीडियाक्वेरी (पडद्याच्या मापांची माहिती) बदलते, तिच्यावर अवलंबून असलेलं पान पुन्हा पुन्हा बिल्ड होतं आणि प्रत्येक बिल्डला एक रिक्वेस्ट. लॉग नुसता धावत होता. बिल्डमध्ये नेटवर्कचं काही टाकू नका, कितीही घाई असली तरी.

मग रूटअवेअर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पानांतलं (फ्लटरच्या भाषेत रूट) वरचं आलं-गेलं की खालच्याला कळवणारी सोय. मटेरिअलॲपच्या नेव्हिगेटरऑब्झर्व्हर्समध्ये रूटऑब्झर्व्हर द्यायचा, पानाच्या डिडचेंजडिपेंडन्सीजमध्ये (पान ज्यावर अवलंबून आहे ते बदललं की चालणारा कोड) मोडलरूट डॉट ऑफ घेऊन सबस्क्राइब करायचं, डिस्पोजमध्ये काढायचं, म्हणजे वरचं पान गेल्यावर डिडपॉपनेक्स्ट येतो. सबस्क्राइब इनिटस्टेटमध्ये करायला जाऊ नका, मोडलरूट तिथं मागता येत नाही, एरर येतो. हे बसवलं आणि आलेखाच्या पानावरनं मागं आलो की पातळी ताजी व्हायला लागली. लै बरं वाटलं, त्या आनंदात चारही पानांना तेच लावून टाकलं, नोंदीच्या पानाला सुद्धा.

आणि तिथनं तारखेचं दुखणं सुरू झालं. आपल्या ग्रुपमधले जे पुलावर जाऊन पट्टी वाचतात ते रात्री अकराची नोंद बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सकाळी टाकतात, म्हणून तर तारीख निवडायची सोय दिलीय. एका सकाळी आलेखाच्या शेवटी एकदम उतार दिसला. आदल्या रात्रीची नोंद आजच्या तारखेवर पडली होती, म्हणजे अजून न आलेल्या रात्री अकराची पातळी आलेखात आणि पाणी उतरलंय असं चित्र. मी ज्यानं नोंद टाकली त्याला फोन करून जरा तोडूनच बोललो, नीट बघून टाकत जा म्हणून. तो म्हणला, अरे मी कालचीच तारीख निवडली होती, शपथ. माझ्या फोनवर करून बघितलं तर तारीख बरोबर राहिली. दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर. मग कॉलेज कॉर्नरला चहाला थांबलो होतो तिथं केलं, तर तारीख निवडली आणि सेकंदाभरात डोळ्यासमोर परत आजची झाली.

पुढचे दोन आठवडे काय काय केलं त्याची यादी देत नाही, थोडक्यात सांगतो. टाइमझोनवर संशय घेतला, सगळ्या तारखा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) नेऊन परत आणल्या. डेटपिकरचं (तारीख निवडायच्या खिडकीचं) पॅकेज बदललं, मग ते काढून फ्लटरचा साधा शोडेटपिकर घेतला, तरी तेच. इम्युलेटरवर (लॅपटॉपवरच्या नकली फोनवर) तपासायला गेलो तर माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर इम्युलेटर आणि एडिटर एकत्र चालवणं म्हणजे शिक्षा आहे, त्यापेक्षा जुना अँड्रॉइड फोन यूएसबीला लावून तपासलेलं कधीही चांगलं, हे माझं मत आता पक्कं झालंय. घरी बग दिसायचा तो रात्री उशिरा किंवा पहाटे, संध्याकाळी कधीच नाही. हे तर अजूनच चक्रावणारं होतं, कारण कोडला घड्याळाशी काय देणंघेणं?

काल रात्री बसलो होतो, बग दिसत होता, लागोपाठ पाच वेळा दिसला, आणि लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर, फोन यूएसबीला, ॲप चालूच. परत तारीख निवडली. राहिली. परत निवडली, राहिली. आठव्यांदा राहिली तेव्हा नजर राउटरच्या बंद दिव्यांवर गेली. टेस्टच्या फोनमध्ये सिमच नाही, वायफाय गेलं म्हणजे नेट गेलं, आणि नेट नसताना बग नाही! म्हणजे तारीख कुणी पुसत असेल तर तो फेच पुसतोय. आणि तारीख निवडताना फेच सुरू कोण करतंय?

डेटपिकर हा डायलॉग (पानावर उघडणारी छोटी खिडकी) आहे आणि फ्लटरमध्ये डायलॉग हा सुद्धा एक रूटच असतो. मी रूटऑब्झर्व्हरला टाइप, म्हणजे कुठल्या जातीच्या रूटवर लक्ष ठेवायचं ते, दिला होता मोडलरूट. डायलॉगही मोडलरूटमध्येच मोडतो, त्यामुळं डेटपिकर बंद झाला की ऑब्झर्व्हरला वाटतं वरचं पान गेलं, खालचं दिसलं, आणि तो डिडपॉपनेक्स्ट मारतो. तिथं माझं पानताजंकर फंक्शन, ते शेवटची नोंद आणायचं आणि फॉर्म कोरा करून तारीख आजची ठेवायचं. तारीख लगेच बसायची, मागनं फेच पुरा व्हायचा आणि निवडलेली पुसायचा. कॉलेज कॉर्नरला नेट वेगवान, म्हणून सेकंदात. घरी संध्याकाळी सगळी गल्ली नेटवर असते, फेच टाइमआउट होऊन पडायचा आणि फॉर्म बचावायचा. रात्री नेट मोकळं झालं की बग हजर. दोन आठवड्यांचा एकेक तुकडा जागेवर बसत गेला तसं अंधारात एकटाच मोठ्यानं हसलो, आई उठून बघायला आली.

दुरुस्ती एका शब्दाची. रूटऑब्झर्व्हरचा टाइप मोडलरूट काढून पेजरूट (फक्त पूर्ण पानांची जात) केला. ऑब्झर्व्हर आता वरचं आणि खालचं दोन्ही पेजरूट असतील तरच बोलतो, डायलॉग आणि बॉटमशीट (खालनं वर येणारी पट्टी) पॉपअपरूट असल्यामुळं त्यांच्याकडं बघतही नाही. शिवाय फॉर्म कोरा करायचं काम पानताजंकरमधनं बाहेर काढलं, ते तिथं मुळात असायलाच नको होतं. सकाळी त्या मित्राला फोन करून माफी मागितली. तो मोठ्या मनाचा, म्हणला नोंदी टाकत राहतो.

आता टॅब. खालच्या पट्टीवर तीन टॅब आहेत, नदी, धरणं आणि नोंद, आणि तिन्ही इंडेक्स्डस्टॅकमध्ये. धरणांच्या टॅबवर कोयना १०५.२५ टीएमसी आणि वारणा ३४.४० धरून टक्केवारीची पट्टी काढलीय, ती छान दिसतेय, फोटो नंतर टाकतो. इंडेक्स्डस्टॅक सगळी पानं जिवंत ठेवतो, टॅब बदलला तर रूट बदलतच नाही, त्यामुळं रूटअवेअर गप्प. मी चालू टॅबचा नंबर एका व्हॅल्यूनोटिफायरमध्ये ठेवला आणि प्रत्येक पान तो ऐकतं, माझा नंबर आला की मी दिसलो. चालतं, पण प्रत्येक पानाला आपला नंबर माहीत असायला लागतो, ते मनाला पटत नाही. पान दिसतंय का ते ओळखणारं व्हिजिबिलिटी डिटेक्टरचं पॅकेज पण लावून बघितलं, चांगलं आहे, पण ते मुळात अर्धा सेकंद थांबून सांगतं आणि एवढ्यासाठी आख्खं पॅकेज कशाला.

चौथी वाट, ॲप मागनं पुढं येणं, म्हणजे बाबांची वाट. फ्लटर ३.१३ पासनं ॲप पुढं-मागं गेल्याचं कळवणारा ॲपलाइफसायकललिसनर आलाय, जुन्या विजेट्सबाइंडिंगऑब्झर्व्हरपेक्षा लै सुटसुटीत. ह्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा, सगळे उदाहरणांत ऑनरिझ्यूम वापरतात, पण वरनं नोटिफिकेशनची पट्टी ओढून परत सोडली तरी ऑनरिझ्यूम येतो, आयफोनवर कंट्रोल सेंटर ओढलं तरी येतो, परवानगीचा सिस्टीम डायलॉग येऊन गेला तरी येतो. त्यातच परवानगी मागत असाल तर फेऱ्यात अडकाल. मला पाहिजे होतं खरंच झाकलेलं ॲप परत दिसणं, त्याला ऑनशो आहे, तो लपलेल्या अवस्थेतनं बाहेर येतानाच येतो. विश्रामबागेतल्या मित्राच्या मॅकवर रविवारी आयफोनला पण तपासलं, दोन्हीकडं सारखं वागतंय.

चारही वाटा आता एकाच फंक्शनला येऊन मिळतात, नाव ठेवलंय ‘दिसलं’. ते आधी बघतं की एखादा फेच चालू आहे का, असला तर तोच फ्यूचर (पुढं येणार असलेलं उत्तर) परत देतं, दुसरा सुरू करत नाही. शेवटचा फेच पाच मिनिटांच्या आतला असेल तर नेटला हात लावत नाही. आणि अवेटनंतर (उत्तराची वाट बघून झाल्यावर) पान माउंटेड, म्हणजे अजून जागेवर आहे का ते तपासल्याशिवाय सेटस्टेट (पानावरची माहिती बदलणं) नाही.

हे लिहिता लिहिताच एक डोक्यात आलं. इंडेक्स्डस्टॅक आपल्या मुलांना व्हिजिबिलिटी डॉट मेंटेनमध्ये गुंडाळतो ना? मग पानानं डिडचेंजडिपेंडन्सीजमध्ये व्हिजिबिलिटी डॉट ऑफ विचारलं तर टॅब बदलल्यावर त्याला आपसूक कळायला पाहिजे, नंबराची भानगडच नको. थांबा, बघतो.

करून बघितलं, चालतंय! व्हॅल्यूनोटिफायर काढून टाकला, बावीस ओळी गेल्या. फक्त आधीची किंमत जपून ठेवायची आणि खोट्याचं खरं झालं (दिसत नव्हतं ते दिसायला लागलं) तरच ‘दिसलं’ बोलवायचं, कारण थीम बदलली तरी डिडचेंजडिपेंडन्सीज येतो. आता तर रूटअवेअरवर पण डोळा आहे. अपारदर्शक पानाखाली पूर्ण झाकल्या गेलेल्या पानांचा टिकरमोड (ॲनिमेशन चालू-बंद करायचा खटका) ओव्हरले, म्हणजे पानांची चळत सांभाळणारा भाग, बंद करतं आणि डायलॉग पूर्ण झाकत नाही, म्हणजे टिकरमोड डॉट ऑफ विचारलं तर डेटपिकरचा प्रश्न मुळातच येणार नाही. दोन्ही मिळून एक मिक्सिन (सगळ्या पानांना जोडता येणारा कोड) होईल, ॲपलाइफसायकललिसनर त्यातच बसवायचा. म्हणजे अपडेट ७ ला मी आलेखात झूम देणार म्हणलो होतो ते पुढं ढकलतोय, आधी हे.

अजून एक राहिलंय आणि ते ह्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटायला लागलंय. पान दिसलं, ताजं झालं, आणि बाबांनी तसंच हातात धरून ठेवलं तर? किंवा नेटच नसलं तर, पुरात टॉवर बंद पडतात तेव्हा? म्हणून आकड्याखाली नोंदीची वेळ आता आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरात टाकलीय, आणि ती किती जुनी आहे ते मिनिटाच्या टायमरनं बदलत राहतं. टायमर पान दिसलं की सुरू, गेलं की बंद, त्यामुळं ‘दिसलं’सारखं ‘गेलं’ हे फंक्शन पण लिहायला लागलं. तीन तासांच्या वरची नोंद असली की अक्षरं लाल.

सकाळी बाबांच्या फोनवर ॲपची नवीन आवृत्ती टाकली. दुपारी कट्ट्यावरनं त्यांचा फोन आला, २८ फूट ४ इंच, सहा मिनिटांपूर्वीचं, बरोबर आहे का म्हणून विचारत होते. शीट उघडून बघितलं, बरोबर होतं.