लंडनने तपासलेली बराक

मुंबईत सात रस्त्याच्या आर्थर रोड जेलमध्ये बारा नंबरच्या बराकीत उजेड किती येतो, हे 2018 साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर कोर्टाने व्हिडिओ मागवून तपासलं. कारण विजय मल्ल्याचं प्रत्यार्पण.

युरोपीय मानवाधिकार करारात भारत नाही. ब्रिटन आहे, आणि त्यांच्या 1998च्या कायद्यामुळे तो करार तिथल्या कोर्टात चालतो. त्याचं तिसरं कलम छळ आणि अमानुष वागणुकीला बंदी घालतं. 1989च्या सोअरिंग निकालात स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे हा करार राबवणाऱ्या युरोपीय कोर्टाने, आणखी पुढचं ठरवलं: जिथे असं भोगावं लागण्याचा खरा धोका आहे, तिथे माणसाला धाडणं हाही कराराचा भंगच. म्हणून आरोपी हवा असेल, तर आपल्या सरकारला हमीपत्रं द्यावी लागतात, बराक दाखवावी लागते.

अबू सालेमला पोर्तुगालने 2005 मध्ये सोपवलं, तेही फाशी नाही, पंचवीस वर्षांहून जास्त कैद नाही, अशा हमीवर. पुढे इथल्या टाडा कोर्टाने जन्मठेप दिली, पण 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला सांगितलं, दिलेला शब्द पाळा.

मी सेशन्स कोर्टात फौजदारी कामं करते. माझे बरेचसे अशील अंडरट्रायल, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच आत असलेले. आर्थर रोडमध्ये क्षमतेच्या कित्येक पट माणसं. एकाची आई तारखेला मला म्हणाली, "ताई, ते लंडनचं कोर्ट बाकीच्या बराकी पण बघतं का?"

नाही बघत, मावशी. तुमचा मुलगा गोवंडीत सापडला, लंडनमध्ये नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, मंजुरी अजून नाही. नागरी आणि राजकीय हक्कांचा करार 1979 मध्ये स्वीकारला, पण माणसाला थेट जिनिव्हाच्या समितीकडे तक्रार करता येईल असा जोडकरार मात्र नाही. उरतं आपलंच कोर्ट. त्याने मनावर घेतलं तर करार इथेही जिवंत होतो: विशाखा निकालात, 1997 मध्येच, स्त्रियांविषयीच्या कराराचा आधार घेऊन कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले गेले. ऑफिसातल्या तक्रार समित्यांचं मूळ तिथे आहे.

माझ्या डोक्यात सध्या एक अर्ज घोळतोय. सरकारने बारा नंबरबद्दल लंडनला जे कबूल केलं, तेवढंच माझ्या अशिलाच्या बराकीला द्या, घटनेतल्या समानतेच्या कलम 14 प्रमाणे. सीनियरना मुद्दा आवडला. सरकारी वकील पहिल्याच तारखेला वेळ मागून घेतील, असंही म्हणाले.